सुनंदाचं मनगट

ही गोष्ट मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे, आणि एकदाही खरी सांगितलेली नाही. जी सांगितली ती वेगळी. जी घडली ती — कुणालाच नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही मी हा विषय टाळते. त्याला माहीतच असणार, मग कशाला उगाळायचं, असं स्वतःला सांगते आणि उदबत्ती लावून मोकळी होते.

मी गणिताची मास्तरीण. रोह्याच्या एका शाळेत उभा जन्म गेला, आता निवृत्त होऊन पेणला सासरच्या घरी असते. इथे पोहण्याच्या टँकवर सकाळी बायकांची एक बॅच असते. चाळिशी-पन्नाशीच्या बायका — कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, आणि दोघीतिघी अशाही, की ज्यांना खरंच स्पर्धेत उतरायचं आहे. त्यांना मी शिकवते. हातपाय मारायला कुणीही शिकवील. मी त्यांना मन सांभाळायला शिकवते. म्हणजे तसं सगळे म्हणतात, आणि मी म्हणू देते.

"पाण्यात सगळ्यात जड काय असतं?" असं मी विचारते. कुणी म्हणतं पाय, कुणी म्हणतं पोट, आणि हसतात. मग मी म्हणते — डोकं. आणि मग माझी गोष्ट सांगते. कुंडलिकेच्या खाडीतल्या स्पर्धेत माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला, मी घाबरले नाही, पाठीवर झाले, हात वर केला, पुढे गेलेली माझी मैत्रीण मागे फिरली आणि तिनं मला होडी येईपर्यंत धरून ठेवलं. म्हणून बायांनो, मदत मागायला लाजू नका, हात वर करायला धैर्य लागतं. असा शेवट. बायका ऐकतात. एखादीचे डोळे भरतात. गोष्ट छानच आहे. बसवलीच आहे मी तशी.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे वाक्य मी वर्गात मुलांना किती सहज सुनवायची!

ती मैत्रीण म्हणजे सुनंदा. पेणच्या खाडीकाठचं तिचं माहेर, वडील मिठागरावर कामाला, सासर रोह्याचं. कंपनीत पॅकिंगला होती. त्या काळी कंपनीच्या कॉलनीतला टँक सकाळी गावातल्या बायकांना उघडा असायचा, तिथे आमची ओळख. रात्रपाळी संपवून ती तशीच यायची. टी-शर्ट आणि लेगिंग घालून पाण्यात उडी टाकायची, तीही अशी, की काठावर बसलेल्या सगळ्या भिजायच्या. आणि डोकं वर काढून पोहायची, शेजारणीशी गप्पा मारत चालल्यासारखी. मी लहानपणी आजोळच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेली, पण पुढे पुस्तकं वाचून, रेषेवरून सरळ पोहणारी. मला तिचं ते पोहणं बघवेना. मीच तिला डोकं पाण्यात घालायला शिकवलं. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकवलं. नीट लक्षात ठेवा — मी शिकवलं. माझ्या मनात तेव्हा हे वाक्य फार वेळा यायचं.

टँक तिला आवडायचा नाही. "ह्या पान्याला चव नाय का वाट नाय," असं म्हणायची. "मेलेला पानी हाय बाई ह्ये."

मला मात्र टँकच बरा वाटायचा. खाली निळ्या फरश्या, मधून काळी रेघ. आपण कुठे आहोत ते दिसतं. खाडीत तसं नसतं. आपलाच हात कोपरापुढे दिसत नाही, खाली काय आहे ठाऊक नसतं, आणि कानात फक्त आपला श्वास. पाण्यात माणसाला बोलायला कुणी नसतं ना — मग डोकं आपलं आपण बोलायला लागतं. आणि ते काही चांगलं बोलत नाही. त्यावर मी उपाय काढला होता. एकोणतिसाचा पाढा. सोपा पाढा चालत नाही, तो जीभ म्हणते आणि मन भटकतं. एकोणतिसाला अख्खं डोकं लागतं. एका हाताला एक पायरी. भीतीला बसायला जागाच उरत नाही. हा उपाय मात्र खरा आहे, आजही बायकांना सांगते.

सुनंदा हसायची. "मी तर काय नाय बोलत मनात. मी बघते, फुडं कोन हाय. मंग तिला गाठते."

ती काही गरीब गाय नव्हती, बरं का. जिंकायची तिला भूक होती. टँकमध्ये मी तिला हरवलं की दिवसभर तोंड पाडून बसायची, आणि एखाद्या दिवशी ती पुढे गेली की सगळ्या कॉलनीला सांगत सुटायची. मला ती आवडायची. हे खोटं नाही. मला खरंच ती आवडायची.

एकदा टँकच्या पायरीवर बसून तिनं वडिलांची गोष्ट सांगितली. बांधावरून त्यांचं एका शेजाऱ्याशी वैर होतं, वर्षानुवर्षं बोलणं बंद. एका भरतीला तो माणूस खाडीत ओढला गेला. त्याचा हात वर दिसला आणि हिचे वडील अंगावरच्या कपड्यांनिशी गेले. "काढला त्याला भायेर, नि परत बोलना बंद!" ती खदखदून हसली. मग म्हणाली, "आमच्यात तसाच हाय बाई. पान्यात हात वर दिसला का इचारायचा नाय, जायाचा. वैरी असला तरी."

ही गोष्ट मी ऐकली होती. विसरले नव्हते. एवढं आत्ता लक्षात असू द्या.

स्पर्धा एका मंडळानं भरवली होती. खाडीतल्या एका गावच्या धक्क्यापासून खालच्या गावच्या धक्क्यापर्यंत, ओहोटीबरोबर. पस्तिशीपुढच्या बायकांचा गट पहिल्यांदाच ठेवला होता. त्यात पहिली येईल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार. मी महिनाभर आधीपासून स्टाफरूममध्ये असं बोलत होते, की जणू ते ठरलेलंच आहे. हेडमास्तरांनी तर प्रार्थनेच्या वेळी शुभेच्छाही देऊन टाकल्या.

आणि सुनंदा? तिच्यासाठी त्या दिवसावर सगळं होतं. तिनं मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. घरात कुरबुर चालू होती — रात्रपाळी करून आलेली बाई झोपायचं सोडून पोहायला जाते, हे किती दिवस चालणार? नवरा वाईट नव्हता, पण तोही कंटाळला होता. "ह्ये बोल्ले, एवढी खेप जा. नंबर आला तं फुडचा बघू. नाय तं बास झाला आता." हे सांगताना ती हसत नव्हती. नंबर आला नाही तर तिचं पोहणं बंद होणार, हे तिला ठाऊक होतं. आणि मलाही.

सकाळी धक्क्यावर मी एका बाजूला उभी राहून पाढा म्हणत होते. अशा वेळी मला कुणाशी बोलायला नको वाटतं. सुनंदा मात्र होडीवाल्या कोळ्यांशी थट्टा करत होती, पाण्यात पाय बुडवून ओहोटी किती ओढतेय ते बघत होती. टँकवर माझ्या मागे मागे असणारी ही बाई इथे यजमानीण असल्यासारखी वावरत होती, आणि मी पाहुणी. ते मला आवडलं नाही. अगदी तिथपासून आवडलं नाही.

सुरुवातीला मीच पुढे होते. गढूळ पाणी, तोंडात खारट चव, एकोणतिसाचा पाढा. भीती होती, पण पाढ्याखाली दबलेली. निम्मं अंतर गेलं असेल. डाव्या बाजूला श्वास घ्यायला मान वळवली आणि सुनंदाची लाल टोपी दिसली. माझ्या खांद्याला खांदा लावून. पुढच्या श्वासाला ती अर्धं अंग पुढे होती. ती दोन्ही बाजूंनी श्वास घेत होती — मी शिकवला तसा — आणि ओहोटीची धार नेमकी कुठून जोरात वाहते ते तिला कळत होतं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. बघता बघता ती पुढे गेली. तिच्या पायांचे बुडबुडे माझ्या तोंडावर आले.

माझा पाढा तुटला.

आता इथे मी नेहमी गोळा आणते. तुम्हाला सांगते — गोळा आलाच नव्हता. पोटरी ठणठणीत होती. दम होता. अंगात ताकद होती. आणि भीती? पुढे कधी मन सारवासारव करायला लागलं की म्हणतं, अगं, तू घाबरली होतीस, खाडी होती, तळ दिसत नव्हता. नाही. सुरुवातीला घाबरले होते. त्या क्षणाला मुळीच घाबरलेली नव्हते. डोकं इतकं लख्ख होतं, की हवं तर पाढा पहिल्यापासून म्हणता आला असता.

मग काय होतं डोक्यात? स्टाफरूम होती. हेडमास्तर होते. आणि त्याच्याही खाली — हे लिहिताना हात अडतो, पण लिहिते — मिठागरावरची पोर, जिला मी डोकं पाण्यात घालायला शिकवलं, ती माझ्या पुढे? हे होतं. अगदी ह्याच शब्दांत होतं. चारचौघांत मी कधी असं बोलणार नाही, आमच्या घरात असं बोलतही नाहीत. पण पाण्यात बोलायला कुणी नसतं ना. तिथे माणूस आपलं खरं ऐकतो.

मी पाठीवर झाले आणि हात वर केला.

हात होडीसाठी वर करतात. होडी मागे होती, फार लांबही नव्हती, पंच तिच्यातच होते. मी होडीकडे बघितलंच नाही. मी पुढे बघून हाक मारली. "सुनंदा!" अशी हाक, की ती ऐकेल. तिच्या वडिलांची गोष्ट मला ठाऊक होती, म्हणून मारली. ती फिरणार हे मला जसं दोन अधिक दोन चार ठाऊक आहे तसं ठाऊक होतं.

ती फिरली. क्षणभरही थांबली नाही. ओहोटीच्या उलट पोहत आली, तेही परत डोकं वर काढून, तिच्या जुन्या पद्धतीनं, मी नजरेआड होऊ नये म्हणून. आली, मागून काखेत हात घातला, माझी मान खांद्यावर घेतली. आणि म्हणाली, "घाबरू नको गो. मी हाय. मी हाय ना गो."

आजवर ती मला "बाई" आणि "तुमी" म्हणायची. मी वयानं मोठी, वरून मास्तरीण. त्या दिवशी पाण्यात पहिल्यांदा "तू" म्हणाली, "गो" म्हणाली. बहिणीला म्हणावं तसं.

तुम्हाला वाटलं असेल, हाच कबुलीजबाब. मलाही वाटायचं, की कधी सांगायची वेळ आली तर इथवर सांगून थांबता येईल. गोळ्याचं सोंग केलं, वाईट वाटतं, संपलं. पण अजून एक आहे.

होडी आली. कोळ्यानं वाकून मला दोन्ही काखांत धरलं. सुनंदा म्हणाली, "घ्या ह्यांना वर, मी जाते फुडं." अजून तिची वेळ गेलेली नव्हती. मागून येणारी अलिबागकडची बाई नुकतीच आम्हाला ओलांडून गेली होती, समोर तिची टोपी दिसत होती. सुनंदानं तिला गाठलं असतं. गाठलंच असतं. नियम एवढाच होता, की होडीला हात लागला की पोहणारी बाद. तिचा हात होडीला लागला नव्हता.

तिचं मनगट माझ्या हातात होतं. मी ते सोडलं नाही.

"सोडा बाई," ती म्हणाली. "होडी आली. सोडा." पुन्हा "बाई" झाले होते मी. मी डोळे मिटून घेतले आणि आणखी घट्ट धरलं. कोळी मला वर ओढतोय, मी तिला धरून ठेवलंय, आणि आपला हात सोडवून घ्यायला म्हणून तिनं दुसऱ्या हातानं होडीचा काठ धरला. रेटा द्यायला. झालं. पंचांनी पाहिलं. त्यांना वाईटच वाटलं, पण नियम तो नियम. मग तिलाही वर घेतलं.

होडीत ती आधी कोळ्याला शिव्या देत होती, उशिरा आला म्हणून. अशा शिव्या, की पंच दुसरीकडे बघायला लागले. मग माझ्या पायाशी बसली आणि माझी उजवी पोटरी चोळायला लागली. गोळा आलेली पोटरी दगडासारखी टणक लागते, हे पोहणाऱ्या कुणालाही कळतं. माझी मऊ होती. तिची बोटं जरा वेळ थांबली. "सुटला वाटतं," असं म्हणाली आणि पुन्हा चोळत राहिली. बघत मात्र ती पुढे होती, धक्क्याकडे, जिथे अलिबागवाली पाण्यातून वर येत होती.

तिला कळलं का? मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं नव्हतं.

बक्षीस समारंभात सुनंदाला शाल-श्रीफळ दिलं. माणुसकी वगैरे भाषण झालं, आणि ते भाषण — हो, मीच केलं. तिचा नवरा मागे उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या, नारळ हातात घेतला आणि तिला घरी घेऊन गेला. ती पुन्हा टँकवर आली नाही. मी एकदा विचारायला गेले, तर म्हणाली, "बास झाला आता, बाई." मुलाच्या दहावीचं काहीतरी बोलत राहिली. मी चहा प्याले आणि आले.

पुढच्या वर्षी त्याच खाडीत मी पहिली आले. राज्याच्या स्पर्धेला जाऊन आले. ते पदक पेणच्या घरी शोकेसमध्ये आहे, पाहुणे विचारतात तेव्हा दाखवते.

मग पुष्कळ वर्षं गेली. मी पेणला आले, भेटी तुटल्या. मागच्या गणपतीआधी ती इथे मूर्ती घ्यायला आली होती, सुनेबरोबर. मूर्तींच्या कारखान्यांच्या गल्लीत तिनंच मला ओळखलं, लांबून हाक मारली. केस पिकलेत, अंगानं सुटली आहे, हसणं तेच. सुनेला म्हणाली, "अगो, ह्याच त्या बाई. ह्यांना मी खाडीतून काढला." किती अभिमानानं! सुनेनं गोष्ट आधी शंभरदा ऐकली असावी, तरी कौतुकानं विचारलं, "मग नंबर आला नाही का आईंचा?"

"नाय गो," सुनंदा म्हणाली. "पन बाई वाचल्या."

मी मान डोलावली. तुम्ही म्हणाल, तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट उरली आहे, ती कशाला काढून घ्यायची, म्हणून मी गप्प राहिले असेन. असंही एक कारण मनानं लगेच काढून दिलं. ते मी घेत नाही. मी गप्प राहिले, कारण गप्प राहायची सवय आहे.

"पाय कसा हाय तुमचा?" तिनं विचारलं. "पावसात धरतो का?"

"धरतो कधीकधी," मी म्हणाले.

रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, चिखल होता. पलीकडे जायचं होतं. सुनेकडे मूर्ती, म्हणून सुनंदा माझ्या बाजूला आली आणि तिनं माझं मनगट धरलं. "सावकाश गो," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी पुन्हा, "गो".

आणि मी लंगडले. ठरवून नव्हे, पण लंगडले. मध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी डावा पाय ओढतेय. गोष्टीतला पाय उजवा.

सुनंदानं एकदा खाली, माझ्या पायाकडे पाहिलं. पलीकडे पोचेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही.